ई-मेलमधून आलेली कीड

वाचकहो, कणगीतल्या धान्याला सोंडे लागले म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगावयास नको. एका पोत्यातली कीड चार दिवसांत शेजारच्या पोत्यात जाते, आणि पोते उघडून पाहीपर्यंत घरधन्याला तिचा पत्ताही नसतो. संगणकालाही अशीच कीड लागते. इंग्रजीत तिला ‘वर्म’, म्हणजे किडा किंवा जंत, असे म्हणतात. मौज अशी की, वर्म हा शब्द आपल्या मराठीतही आहे, आणि त्याचा अर्थ नाजूक जागा, मर्म. हा किडा कोणाचे वर्म शोधतो, यंत्राचे की माणसाचे, हे त्याचा इतिहास पाहिला म्हणजे कळते. तोच इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम एक फरक ध्यानात घेऊ या. संगणकाचा विषाणू, म्हणजे व्हायरस, दुसऱ्या एखाद्या फाइलला चिकटून राहतो. ती फाइल जिकडे जाईल तिकडे तो जातो. किडा मात्र आपल्या पायांनी चालतो. तो स्वतःच्या नकला काढतो आणि जाळ्यातून पुढच्या यंत्राकडे धाडतो. मात्र दोन्ही कोणीतरी लिहिलेल्या आज्ञाच असतात. यंत्रात ते आपोआप उपजत नाहीत.

या किड्याला हे नाव मिळाले ते जॉन ब्रनर या इंग्रज लेखकाच्या १९७५ सालच्या एका कादंबरीवरून. पुढे अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधकांनी रिकाम्या बसलेल्या यंत्रांकडून काम करून घेण्यासाठी असे किडे मुद्दाम तयार केले. म्हणजे आरंभी हेतू चांगला होता. पण त्यांतला एक किडा रात्रभर चालू राहिला, आणि सकाळी येऊन पाहतात तो यंत्रे बंद पडलेली! आपण सोडलेली वस्तू आपल्या ताब्यात राहीलच असे नाही, हा धडा तेथेच मिळाला होता.

पत्राच्या वाटेने आलेला पहिला मोठा किडा डिसेंबर १९८७ मधला. पश्चिम जर्मनीतील क्लाउस्थाल येथील एका विद्यार्थ्याने नाताळची भेट म्हणून एक छोटा प्रोग्रॅम पाठविला. तो चालविला की पडद्यावर अक्षरांनी काढलेले नाताळचे झाड दिसे. लोक झाड पाहत असतानाच तो त्यांच्या ओळखीच्या सगळ्या पत्त्यांवर आपली नक्कल धाडून देई. आयबीएम कंपनीचे अंतर्गत जाळे त्या पत्रांच्या गर्दीने तुंबले. येथे एक गोष्ट पाहा. हा प्रोग्रॅम आपण होऊन चालत नव्हता. माणसाने स्वतः त्याचे नाव टंकित करावे लागे, आणि माणसे ते आनंदाने करीत.

नंतर २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ आली. ती वर्डच्या दस्तऐवजात दडून बसे. दस्तऐवज उघडला की आउटलुकच्या पत्तावहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर ती पत्र पाठवी, आणि पत्रावर नाव असे ते त्या यंत्राच्या मालकाचे. ‘अमक्याकडून महत्त्वाचा निरोप’ असे वाचल्यावर कोण उघडणार नाही? तिचा कर्ता डेव्हिड स्मिथ न्यू जर्सीत पकडला गेला, आणि २००२ साली त्याला २० महिन्यांची कैद व ५,००० डॉलर दंड झाला.

पण सगळ्यांत गाजला तो ४ मे २००० चा किडा. तो फिलिपाइन्समधील मनिला शहरातून निघाला. पत्राचा विषय होता ‘आय लव्ह यू’, आणि सोबत एक फाइल जोडलेली होती: ‘लव्ह लेटर फॉर यू’. तिच्या नावाच्या शेवटी आधी टीएक्सटी आणि मग व्हीबीएस अशी दोन शेपटे होती. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर. व्हीबीएस म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञा. त्या काळचे विंडोज, मांडणी बदललेली नसल्यास, फाइलच्या नावातले ओळखीचे शेवटचे शेपूट झाकून ठेवी. त्यामुळे पाहणाराला वाटे, हे निव्वळ पत्र आहे. त्याने बटण दाबले की घात झालाच.

पुढे काय होई? किडा विंडोजच्या फोल्डरांत आपल्या तीन नकला ठेवी आणि रजिस्ट्री नावाच्या यंत्राच्या नोंदवहीत लिहून ठेवी, ‘यंत्र सुरू होताच मलाही सुरू करा.’ मग पत्तावहीतील प्रत्येकाला तेच प्रेमपत्र जाई. छायाचित्रांच्या फाइली पुसून त्यांच्या जागी तो आपलीच नक्कल बसवी. गाण्यांच्या एमपी३ फाइली नुसत्या लपवून ठेवी. शिवाय पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम आणण्याचा त्याचा प्रयत्न असे. आशियातली कार्यालये उघडली, मग युरोपातली, मग अमेरिकेतली. सूर्य जसजसा पश्चिमेकडे गेला तसतसा किडाही गेला. ब्रिटिश पार्लमेंटला आपली ई-मेल व्यवस्था काही वेळ बंद ठेवावी लागली.

संशय गेला तो ओनेल डी गुझमन या मनिलातील संगणक-विद्यार्थ्यावर. इंटरनेटसाठी दुसऱ्याचा पासवर्ड कसा मिळवावा, या विषयावरचा त्याचा प्रबंध त्याच्या महाविद्यालयाने आधीच नाकारला होता. पण सरकारला खटला चालविता आला नाही, कारण त्या देशात अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता. कायदा जून २००० मध्ये झाला; तो मागील कृत्याला लागू होईना, म्हणून ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले. तो किडा आपणच केला, ही कबुली त्याने पुष्कळ वर्षांनी एका पत्रकाराजवळ दिली. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून, अमलात आला. दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणे त्यात गुन्हा ठरले आहे. परंतु कायदा पोचेपर्यंत किडा शंभर घरे हिंडून आलेला असतो, हे विसरू नये.

आता कीड काढावयाची कशी, ते पाहू. पहिले काम म्हणजे यंत्र जाळ्यापासून तोडणे: तार काढा, वायफाय बंद करा. रोगट पोते आधी बाजूला करतात, तसेच हे. दुसरे, दुसऱ्या निरोगी यंत्रावरून ताजा अँटीव्हायरस मिळवून तपासणी करावी. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू केल्यास किड्याला जागे होण्यास वाव कमी मिळतो. तिसरे, यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी जाणकाराकडून पाहून घ्यावी. नुसती फाइल पुसली आणि नोंदवहीतली ओळ तशीच राहिली, किंवा एखादी नक्कल मागे राहिली, तर काम अर्धेच झाले. चौथे, निरोगी यंत्रावरून सगळे पासवर्ड बदलावेत. आणि पाचवे, जे करावयास माणसे लाजतात: ज्यांना आपल्या नावाने पत्र गेले असेल त्या सर्वांना फोन करून ‘ते उघडू नका’ म्हणून सांगावे.

एवढे करूनही सगळे परत येत नाही. मनिलाच्या किड्याने लपविलेली गाणी पुन्हा दिसू लागत. पण पुसलेली छायाचित्रे, ज्याने वेगळी प्रत ठेवली होती त्यालाच मिळाली. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेचे निकाल आणि नोंदी यांची एक प्रत यंत्रापासून अलग ठेवा. बियाणे आपण खाण्याच्या धान्यात मिसळत नाही, तसेच हे समजा.

यंत्राची वर्मेही आहेत, हे खरे. सप्टेंबर २००१ मधील ‘निमडा’ हा किडा, जोडलेली फाइल न उघडताही, प्रोग्रॅममधील दोषातून शिरत असे. तेव्हा कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा वेळच्या वेळी बसवून घ्याव्यात. पण नाताळचे झाड, महत्त्वाचा निरोप आणि प्रेमपत्र या तिन्ही वेळी दार आतून उघडले गेले. किडा शिरला तो ओळखीच्या माणसाच्या नावावरच्या विश्वासातून.

ही गोष्ट जुनी झाली असे मात्र समजू नका. २०२४ साली आपल्या देशात व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल पाठविण्याचे प्रकार उघडकीस आले, आणि पोलिसांनी लोकांना सावध केले. ती पत्रिका नसते, मोबाइलमध्ये शिरणारा प्रोग्रॅम असतो. वेष बदलला, वर्म तेच. अशी पत्रिका भाच्याच्या नावाने जरी आली, तरी आधी त्याला फोन लावा आणि विचारा, ‘बाळा, तूच पाठविलीस ना?’ पैसे गेलेच, तर उशीर न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि शिक्षकांनी वर्गात मुलांना फाइलचे शेपूट ओळखावयास शिकवावे. घरातल्या मोठ्या माणसांना ते मुलेच शिकवतील.