हातोडा शोधताना सापडलेलं सोनं

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की गप्पा हमखास सोन्यावर येतात. भाव कुठं पोचला, कुणाचं काय गहाण पडलंय, आणि मग हळूच कुणाच्या तरी पडक्या वाड्यातला पुरलेला हंडा निघतो. त्या हंड्यावर नाग बसलेला असतो आणि तो पायाळू माणसालाच दिसतो, हे ठरलेलं. आज आम्ही एका खरोखर सापडलेल्या ठेव्याची गोष्ट सांगणार आहोत. ती इंग्लंडमधली आहे. पण तिच्यात आपल्या देशातली मिरी आहे, म्हणून थोडी आपलीही आहे.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं खेडं आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं आपल्या ओळखीच्या एका निवृत्त माळ्याला हाक मारली, कारण त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. मंदिराच्या किंवा स्टेशनच्या दारात आपण ज्या चौकटीतून जातो, तिचाच हा भाऊ. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज फिरते आणि खालच्या मातीत धातू असला की यंत्र कुईं करतं. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. हे यंत्र सोनं ओळखत नाही. ते फक्त धातू आहे एवढंच सांगतं. गुटख्याच्या पुडीची चंदेरी पन्नी आणि सोन्याची बारीक अंगठी त्याला जवळपास सारखीच वाटू शकते. शिवाय एखादं सुटं नाणं फार तर वीतभर खोल असलं तर कळतं, पुरुषभर खोलीवरचं नाही.

तर १६ नोव्हेंबरला त्या माळ्याला हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी लागली. थोडं बाहेर काढल्यावर पुढं खूप आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि इथंच त्यानं मोठी गोष्ट केली. त्यानं खोदणं थांबवलं. शेतकऱ्याला आणि तिथल्या सरकारी पुरातत्त्व खात्याला कळवलं. दुसऱ्याच दिवशी तज्ज्ञ आले आणि गाजावाजा न करता एका दिवसात मातीच्या ढेकळांसकट सगळं उचलून नेलं.

ढेकळांसकट का, असं तुम्ही विचाराल. वस्तू कशावर काय रचून ठेवल्या होत्या, ते त्यामुळंच कळलं. मोठी लाकडी पेटी होती, तिच्यात लहान पेट्या, त्यांना चांदीची चिमुकली कुलपं, आणि वस्तू एकमेकींवर घासू नयेत म्हणून कापड आणि गवत. म्हणजे ही चोराची घाईघाईनं पुरलेली लूट नव्हती. कुणीतरी निगुतीनं, घर बांधावं तशी ही पेटी भरली होती. त्या माळ्यानं फावड्यानं सगळं उपसून पोत्यात भरलं असतं, तर सोनं तेवढंच मिळालं असतं, पण हे काही उरलं नसतं.

आता नाणी. एकूण १४,८६५. त्यातली ५६९ सोन्याची, बाकी बहुतेक चांदीची. सोन्याच्या या नाण्याला सॉलिडस म्हणत. वजन सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे आपल्या आजच्या हिशेबानं अर्ध्या तोळ्याला जरासं कमी. सोनं गंजत नाही, म्हणून सोळाशे वर्षांनीही अक्षरं वाचता येतात. एका बाजूला मोत्यांची पट्टी बांधलेला बादशहा, भोवती त्याचं नाव, आणि नावाआधी दोन अक्षरं, ज्यांचा अर्थ ‘आमचे स्वामी’. मागच्या बाजूला टांकसाळीची खूण असते, मिलानची वेगळी, ट्रियरची वेगळी. खाली सोनं शुद्ध केल्याची अक्षरं. आपल्या दागिन्यावरच्या हॉलमार्कसारखंच म्हणा ना.

ठेवा कधी पुरला, हे ठरवायची युक्ती सोपी आहे. सगळ्यांत नवं नाणं शोधायचं. इथली सगळ्यांत नवी नाणी इसवी सन ४०७-४०८ ची निघाली, म्हणजे पेटी त्याआधी पुरलेली असूच शकत नाही. चांदीची नाणी बघितली तर बहुतेकांच्या कडा कातरलेल्या. बादशहाचा चेहरा मात्र जपलेला. ब्रिटनला नवी नाणी येणं बंद झालं होतं, म्हणून लोक जुन्यांच्या कडा कापून चांदी साठवत होते. रोमची फौज निघून गेलेली, राज्य हातातून सुटत चाललेलं. बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली की माणसं काय करतात, ते आपण नोटाबंदीत पाहिलंच आहे.

पण आम्हाला खरं बोलतात ते दागिने. २९ दागिने होते, त्यांतल्या बांगड्याच १९. एका बांगडीवर जाळीकामात अक्षरं कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ असा की, जुलियाने बाई, ही आनंदानं वापरा. त्या पेटीतल्या चमच्यांवर पुरुषांची नावं आहेत, पण बांगडीवरचं हे नाव बाईचं. तिनं ती किती दिवस घातली असेल, कुणास ठाऊक. पेटी पुरली आणि घरचं कुणी परत आलंच नाही.

आणखी एक लांब साखळी आहे. खांद्यांवरून आणि काखेखालून जाऊन छातीवर आणि पाठीवर जोडली जाणारी. पुढं जांभळा खडा, आणि पाठीवर चक्क सोन्याचं नाणं बसवलेलं, ग्रेशियन बादशहाचं. आपल्या पुतळ्यांच्या माळेची आठवण झाली ना? आपल्याकडची जुनी पुतळी म्हणजे मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचं नाणं. त्यावर संत मार्कपुढं गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आहे. आपल्याकडं मात्र कित्येकांनी त्या जोडीत राम-सीता पाहिली. नाणं बाईच्या अंगावर चढलं की त्याचा अर्थही तीच ठरवते.

आता मिरी. त्या पेटीत चांदीच्या चार मिरीदाण्या होत्या. एक तर केस बांधलेल्या, नटलेल्या बाईच्या आकाराची. तिच्या तळाची चकती फिरवली की एकदा बंद, एकदा भरायला मोठी भोकं, एकदा शिंपडायला बारीक भोकं. ही मिरी यायची मलबार किनाऱ्यावरून, समुद्रमार्गे. तिच्यासाठी आणि आपल्याकडच्या इतर मालासाठी रोमचं सोनं-चांदी हिंदुस्थानात यायची. दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स तिकडं जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकातच करून ठेवली आहे. आणि ४०८ साली अलारिक या सरदारानं रोमला वेढा घातला, तेव्हा खंडणीत सोन्या-चांदीबरोबर ३,००० रोमन पौंड मिरी मागितली. आपल्या मापानं जवळजवळ दहा क्विंटल! हॉक्सनच्या त्या मिरीदाण्या त्याच काळात पेटीत गेल्या असणार.

पुढं तिथल्या न्यायालयानं हा ठेवा सरकारजमा ठरवला. साडेसतरा लाख पौंड बक्षीस माळ्याला मिळालं, आणि कायद्यानं बंधन नसताना त्यानं त्यात शेतकऱ्याला वाटा दिला. ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, शेवटी सापडलेल्या त्या हातोड्यासह.

आपल्याकडं घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना असं काही लागलं तर? बहुतेक वेळा गुपचूप सोनाराकडं जातं आणि वितळतं. जुलियानेची बांगडी वितळली असती तर इतकं पिवळं सोनं एवढाच तिचा हिशेब झाला असता, दुसरं काही नाही. कायदा मात्र आपल्याकडंही आहे, १८७८ सालचा निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय, किती, कुठं आणि कुठल्या तारखेला, हे सगळं. लपवलं तर आपला हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक कुणी नाही असं ठरलं आणि जमीन दुसऱ्याची असली, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारनं ठेवून घ्यायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देते. संरक्षित किल्ल्यांवर आणि लेण्यांत मात्र यंत्र घेऊन जायचंच नाही, तिथं परवानगीशिवाय खोदणं हाच गुन्हा.

आणि कुणी बाबा मशीन घेऊन दारात आला, ‘तुमच्या चुलीखाली सोनं बोलतंय’ म्हणाला, पूजेसाठी पैसे मागायला लागला, तर त्याला सांगा की बाबा, हे मशीन सोनं ओळखतच नाही. गुप्तधनाच्या नावानं अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. एकटीला भीती वाटली तर गटातल्या चौघी बरोबर घेऊन जा.