सुईद्वारे नशा करणाऱ्यांमधील एच.आय.व्ही. उपचार आणि लिंगभेद : महाडच्या इतिहासातील निकष

प्रस्तावना :
सार्वजनिक सोय कायद्याने खुली होणे आणि ती प्रत्यक्ष वापरता येणे यांतील अंतर महाडने देशाला दाखवून दिले. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव संमत केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. महाराष्ट्रातील एच.आय.व्ही. उपचाराचा इतिहास तपासतानाही हाच निकष उपयुक्त ठरतो.

उपचाराची दोन दारे :
भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. त्याच दशकात मुंबईत ब्राउन शुगरचे व्यसन पसरले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सेवनही गुन्हा ठरवले. अशा काळात, १९९५ पासून, मुंबईतील संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने नशा करणाऱ्यांसाठी कार्य सुरू केले. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत शासनाने मोफत एआरटी उपलब्ध करून दिली.
स्त्रियांसाठी मुख्य दार मात्र वेगळे होते. मातेकडून बालकाला होणारा संसर्ग रोखण्याच्या कार्यक्रमामुळे गर्भवतींची तपासणी होऊ लागली. जगभरात २०२३ अखेर बाधित प्रौढ स्त्रियांपैकी ८३ टक्के, तर पुरुषांपैकी ७२ टक्के उपचार घेत होते, त्यामागे हे एक कारण आहे.

दोन दारांमधील स्त्री :
नशा करणाऱ्या स्त्रीला हा लाभ सहज मिळत नाही. सुईबदल केंद्रे व व्यसनमुक्ती केंद्रे मुख्यतः पुरुष डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. प्रसूतिपूर्व तपासणीच्या ठिकाणी व्यसन उघड केल्यास मूल हिरावले जाण्याची भीती असते. अनेकदा सुई जोडीदाराच्या हातात असते आणि तिची पाळी त्याच्यानंतर येते. परिणामी एका दारात ती केवळ माता ठरते, तर दुसऱ्या दारात केवळ कोणाची तरी पत्नी.
महाड-पोलादपूरसारख्या भागात ही अडचण अधिक तीव्र होणे स्वाभाविक आहे. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या रोजगारासाठी मुंबईस जात आले. महानगरातील अनोळखीपणा पुरुषाला काही प्रमाणात आडोसा देतो. गावात राहणाऱ्या स्त्रीला मात्र दवाखान्याच्या रांगेत ओळखीची माणसे भेटतात आणि घराबाहेर घालवलेल्या प्रत्येक दिवसाचा जाब द्यावा लागतो.

निष्कर्ष :
एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने भेदभावास मनाई केली आणि संसर्गाचा धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण दिले. त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि, औषध मोफत असणे म्हणजे ते सर्वांपर्यंत पोहोचणे नव्हे. स्त्री कर्मचारी, सोयीची वेळ, गोपनीयता आणि एकाच ठिकाणी प्रसूतिपूर्व सेवा, व्यसनोपचार व एआरटी यांची व्यवस्था झाल्याविना हा कायदा १९२४ च्या ठरावासारखाच राहील : तळे खुले, पण ओंजळ रिकामी.