घाटावरची जकात आणि बारदेशचे मीठ

मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेला सह्याद्री सरळ कोकणात कोसळतो. तैलबैल्याजवळून सवाष्णी आणि वाघजाई या घाटवाटा सुधागड-पालीच्या अंगाला उतरतात. घनगड, कोराईगड हे किल्ले याच मुलखाच्या राखणीचे. गाडीरस्ते नव्हते तेव्हा कोकणातले मीठ, सुकी मासळी, नारळ बैलांच्या पाठीवरून अशा वाटांनी वर येई आणि जकात भरूनच पुढे सरके. पेशवाईत माल पुण्याच्या पेठेत विकला की ‘थळमोड’, तिथून खरेदी करून बाहेर नेला की ‘थळभरीत’ द्यावी लागे. एकाच राज्यात एकाच गोणीवर वाटेत अनेकदा पडणाऱ्या या जकातीने राखले कोणालाच नाही. तिजोरी तेवढी भरली आणि मावळातल्या घरात मीठ महागले.

शेजारच्या सत्तेच्या मालावरची जकात मात्र वेगळी. डिसेंबर 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले पत्र या बाबतीत फार मोलाचे आहे. पोर्तुगिजांच्या गोव्यातल्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते. व्यापारी तिकडे वळले, तर संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक उरणार नव्हते. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल असे करण्याचा हुकूम झाला. जकात किती, हे इथे तिजोरीच्या गरजेवरून ठरले नाही, दोन्हीकडच्या भावांतल्या फरकावरून ठरले. वाढीव भाव अखेर खाणाऱ्यानेच मोजला, हे खरे. पण त्या बदल्यात स्वराज्यातली मिठागरे आणि बंदरे टिकणार होती. म्हणून ही जकात न्याय्य म्हणावी लागते.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात 1838 मध्ये उठवली. सह्याद्रीच्या घाटांतला माल मोकळा झाला, हे चांगलेच झाले.

पण जकात उठली म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानुसार 1880 पासून ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकात बंद झाली. मोबदल्यात गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लाख रुपये मिळू लागले. पैसा सरकारला मिळाला, झळ आगरात राबणाऱ्यांना बसली. ज्या मिठाच्या स्वस्ताईला 1671 मध्ये जकातीने अडवावे लागले होते, त्याच्यावर आता इंग्रजांचा मीठकर बसला. 1892 मध्ये करार संपला आणि सीमेवर पुन्हा जकात सुरू झाली.