'जाणे'चे 'गेला' का होते?

स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला 'इर', म्हणजे 'जाणे', हे क्रियापद फार लवकर अडवते. 'मी जातो' म्हणायचे तर 'बोय' आणि 'तो गेला' म्हणायचे तर 'फुए'. शिवाय 'फुए'चा दुसरा अर्थ 'तो होता' असाही आहे. पुढे गावाचे नाव आले तर 'गेला', व्यवसायाचे आले तर 'होता'. विद्यार्थी वैतागतो आणि म्हणतो, आपल्या मराठीत असे काही नाही.

मराठीत नेमके असेच आहे. 'चाल'चे 'चालला', 'बस'चे 'बसला'. पण 'जा'चे 'गेला', 'कर'चे 'केला', 'मर'चे 'मेला', 'हो'चे 'झाला'. मातृभाषा नकळत येते, म्हणून ही अडचण आपल्याला दिसत नाही. ती दिसते व्याकरणकाराला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९११ साली, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. पूर्वसूरींची मते एकेक तपासून पाहणारा हा ग्रंथ आहे. दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. रत्नागिरीजवळच्या मालगुंडला कवीचे स्मारक पाहायला विद्यार्थी आवर्जून जातात. त्याच घरातल्या व्याकरणकाराचे नाव मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

'जाणे' आणि 'गेला' यांचा मेळ लागतो तो इतिहासात. 'जाणे' हे संस्कृत 'या' धातूपासून आले, 'गेला' हे 'गम्'च्या 'गत' या रूपापासून. 'कृत'चे 'केला', 'मृत'चे 'मेला', 'जात'चे 'झाला'. हिंदीतले 'गया' 'गत'चेच. मराठीने त्याला 'ल' जोडला. 'जाला' हे रूप ज्ञानेश्वरीत आढळते, पण तिथे त्याचा अर्थ 'झाला' असा आहे. इतर असंख्य क्रियापदांनी भूतकाळाची नवी, सरळ रूपे घेतली. जी रोज शेकडो वेळा तोंडी येत होती, त्यांनी जुनी टिकवली. ज्यूल ब्लॉक यांच्या १९२०च्या फ्रेंच ग्रंथाने मराठीचा हा ऐतिहासिक विचार पद्धतशीर मांडला.

स्पॅनिशची कथाही अशीच आहे. लॅटिनमधले 'ईरे', 'वादेरे' आणि 'एस्से' हे तीन धातू एका क्रियापदात एकत्र नांदू लागले. त्यांतला 'फुए' ज्या मुळातून आला, तेच आपल्या 'भू' धातूचे मूळ. आणि 'भू'पासून मराठीत 'होणे' आले. म्हणजे विद्यार्थ्याला परका वाटणारा 'फुए' आपल्या 'होणे'चा दूरचा नातलग निघतो.

अर्थाचेही तेच. 'पोस्टमन गेला', 'आजोबा गेले', 'भिंतीला तडा गेला', 'तिला दिवस गेले', 'पत्र पाठवले गेले': 'जाणे' सगळीकडे एकच, पण अर्थ ठरवते ते वाक्य. कोणताही तक्ता हे शिकवत नाही.

तरीही आपण वर्गात ही रूपे 'अपवाद' म्हणून पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मुलांच्या मनात राहते ते इतकेच, की व्याकरण म्हणजे कारण न सांगणारी सक्ती. 'गेला' का, असे एखाद्याने विचारलेच, तर त्या तासाला पुढचा धडा राहू द्यावा. आठशे वर्षांच्या मराठीत शिरायला त्याने आपणहून दार उघडलेले असते.