रिव्हॉल्व्हरवरील काळी झिलई : रासायनिक प्रक्रियेपासून संगणकीय पूर्वदर्शनापर्यंत

प्रस्तावना :
शस्त्रास्त्रांच्या इतिहासाचा विचार सामान्यतः युद्धे, कारखाने व यंत्ररचना या अंगांनी केला जातो. शस्त्राचा पृष्ठभाग हाही एक ऐतिहासिक दस्तऐवज असतो, ही बाब मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. आज एखाद्या रिव्हॉल्व्हरला आपल्या पसंतीची काळी झिलई दिल्यास ते कसे दिसेल, हे संगणकाच्या पडद्यावर आधीच पाहता येते. या पूर्वदर्शनाचे इतिहासाच्या दृष्टीने काय महत्त्व आहे, याचा विचार अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात केला आहे.

झिलईची वाटचाल :
सॅम्युअल कोल्ट यांना १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट मिळाले. पुढे त्यांच्या हार्टफर्ड येथील कारखान्यात तयार झालेल्या रिव्हॉल्व्हरची नळी व फिरते सिलिंडर यांना सामान्यतः निळसर काळी झिलई दिली जात असे. या प्रक्रियेस 'ब्लूइंग' म्हणतात. शस्त्राला पाणी देणे आणि ब्लूइंग या भिन्न क्रिया होत. पाणी दिल्याने पोलाद कठीण होते, तर ब्लूइंगमुळे त्याच्या पृष्ठभागावर मॅग्नेटाइट या लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. हा थर तेल धरून ठेवतो, गंजण्याची क्रिया मंदावतो आणि धातूची चकाकी कमी करतो.

हा थर निर्माण करण्याच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. कोळशाच्या भट्टीत भाग तापवणे ही एक पद्धत होती. मुद्दाम गंज चढवून तो उकळत्या पाण्यात काळा करणे व घासणे, ही क्रिया पुनःपुन्हा करण्याची दुसरी पद्धत होती. विसाव्या शतकात कॉस्टिक सोडा व नायट्रेट क्षारांच्या तप्त द्रावणाची पद्धत रूढ झाली. पद्धत कोणतीही असो, अंतिम रंगछटा ही आधी केलेले पॉलिश, तापमान व कालावधी यांवर अवलंबून असे. १९५५ मध्ये बाजारात आलेल्या कोल्ट पायथनची 'रॉयल ब्लू' झिलई नावाजली गेली, त्यामागेही पॉलिशचे कष्ट होते.

१९६५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने 'मॉडेल ६०' हे स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर आणले. गंजरोधासाठी काळ्या थराची अपरिहार्यता येथे संपुष्टात आली. यानंतर काळा रंग हा उत्तरोत्तर आवडीचा विषय बनत गेला व पुढे सिरॅमिक लेपांमुळे निवडीचा अवकाश अधिक विस्तारला.

पूर्वदर्शनाचे साधन :
एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कचे कोरीव कामगार एल. डी. निमश्के आपल्या नक्षीचे काजळीचे ठसे कागदावर घेऊन वहीत जतन करीत. त्या ठशांतून नक्षी कळे, धातूची छटा मात्र कळत नसे. ही उणीव भरून काढण्यास संगणकीय चित्रणाची प्रगती आवश्यक होती. १९७५ मध्ये बुई तुओंग फाँग यांनी चकाकत्या पृष्ठभागाचे गणिती प्रारूप मांडले, परंतु त्यानुसार काढलेल्या वस्तू बहुधा प्लॅस्टिकच्या भासत. १९८१ मध्ये रॉबर्ट कुक व केनेथ टॉरन्स यांनी पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा व धातूचे परावर्तन विचारात घेतल्यामुळे चित्रातील धातू धातूसारखा दिसू लागला. थोडक्यात, जुना कारागीर पॉलिशच्या प्रतीवरून जे ताडत असे, तेच येथे गणिताने मांडले गेले.

ऐतिहासिक महत्त्व :
जुन्या शस्त्राला नवी झिलई द्यावयाची तर आधीचा थर काढून पृष्ठभाग पुन्हा घासावा लागतो. कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरचे उदाहरण येथे बोलके आहे. त्याच्या सिलिंडरवर १८४३ मधील टेक्सास व मेक्सिको यांच्या आरमारांतील कॅम्पेचे येथील लढाईचे दृश्य उमटवलेले असे. हा ठसा उथळ असल्याने घासताना प्रथम तोच नाहीसा होतो. कडा बोथट होतात, अक्षरे व क्रमांक पुसट होतात. शस्त्र नवे दिसू लागते, परंतु त्याच्या निर्मितीची व वापराची साक्ष कायमची नष्ट होते. ही हानी भरून येण्याजोगी नाही.

पूर्वदर्शनामुळे शस्त्राला हात न लावता मालकाची अथवा संग्रहालयाची जिज्ञासा पूर्ण होऊ शकते. विटलेले शस्त्र मूळ स्थितीत कसे दिसत असावे, हेही प्रेक्षकांना दाखवता येते. तथापि पडद्यावरील छटा हा पुरावा नव्हे, ते केवळ अनुमान होय. पडद्याची रंगजुळणी, कल्पिलेला प्रकाश व प्रत्यक्ष पोलादाची जात यांमुळे फरक पडतो. म्हणून अशा चित्रासोबत ते अनुमानित असल्याची स्पष्ट नोंद असणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
काळ्या झिलईचा प्रवास संरक्षणाकडून सौंदर्याकडे झाला. रंग पाहण्यासाठी पूर्वी मूळ पृष्ठभागाची किंमत मोजावी लागे, ती अट आता राहिलेली नाही. संगणकीय पूर्वदर्शनाचे खरे मोल नवी झिलई निवडण्यापेक्षा, जुनी झिलई तशीच राहू देण्याचा निर्णय सुकर करण्यात आहे, असे म्हणता येईल.