घशापासून झडपेपर्यंत

आजचा भाग हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनचा, पण गोष्ट सुरू होते घशातून.

लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत सगळं ओसरतं. घरचे विसरून जातात. पण घशात बसलेला जंतू स्ट्रेप्टोकोकस असेल, तर काही मुलांचे सांधे दोन-तीन आठवड्यांनी सुजायला लागतात. आज गुडघा, उद्या घोटा. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूशी लढता लढता स्वतःच्याच हृदयावर उलटते. असं वारंवार झालं की डावीकडच्या मायट्रल झडपेच्या पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात. दार किलकिलंच उघडतं, मागे फुप्फुसात रक्त तुंबतं आणि चढ चढताना धाप लागते.

हा दाटीच्या घरांचा, उशिरा मिळणाऱ्या औषधाचा आजार. युरोप-अमेरिकेत तो राहणीमान सुधारलं तसा मागे पडला. आपल्याकडे मात्र झडप फार लवकर आवळते. १९६३ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी हे जगापुढे मांडलं: भारतात विशीच्या आतल्या मुलामुलींचीही झडप इतकी अरुंद होते की ऑपरेशन लागतं. हे वय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ऑपरेशनकडे. १९२३ साली बोस्टनमध्ये इलियट कटलर यांनी एका लहान मुलीच्या धडधडत्या हृदयात पातळ सुरी घालून झडप मोकळी केली. ती मुलगी चार वर्षांहून जास्त जगली, पण नंतरचे रुग्ण वाचेनात आणि कटलर थांबले. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी सुरीऐवजी बोट वापरलं. बोट आत घालून झडप चाचपली, सैल केली, मुलगी बरी झाली. आणि पुढे? त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण कुणी पाठवलाच नाही. दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत असतो, असं तेव्हाचे मोठे डॉक्टर मानत होते. एका समजुतीने पुढची वीसेक वर्षं खाल्ली. मला तर हा सगळ्या इतिहासातला सर्वांत चीड आणणारा भाग वाटतो.

मग १९४८. फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली. त्यांचे आधीचे रुग्ण दगावले होते, हॉस्पिटलं एकेक करून दार बंद करत होती. १० जूनला सकाळी आणखी एक रुग्ण गेला. ती बातमी पसरायच्या आत बेली दुपारी दुसऱ्या हॉस्पिटलात पोचले आणि तिथे पुढचं ऑपरेशन केलं. ती बाई वाचली. याला धाडस म्हणायचं की आणखी काही, तुम्हीच ठरवा.

मुंबईत केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९५० च्या दशकात हेच बंद हृदयाचं ऑपरेशन सुरू केलं. हेच ते सेन, ज्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. प्रत्यारोपण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्या काळात गोरगरीब रुग्णाला उपयोग झाला तो बोटाने झडप मोकळी करण्याचाच. त्याला ना मशीन लागायचं, ना परदेशी सामान.

झडप पार खराब झाली असेल तर मात्र बोटाने भागत नाही, हृदय उघडावं लागतं. त्यासाठी रक्ताला बाहेरून प्राणवायू देऊन अंगभर फिरवणारं हार्ट-लंग मशीन हवं. ते जॉन गिबन यांनी १९५३ साली पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. १९६० मध्ये अल्बर्ट स्टार या सर्जनने आणि लॉवेल एडवर्ड्स या इंजिनियरने पिंजऱ्यात गोळी असावी तशी कृत्रिम मायट्रल झडप बसवली. भारतात ओपन हार्ट ऑपरेशनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्लोर-मुंबईकडे सुरू झाली.

आता आपल्या नंदुरबारकडे येऊ. इथे एक गोष्ट वेगळी आहे: सिकल सेल. सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांत हा आजार बराच आढळतो. त्यातही मुलांचे सांधे दुखतात, आणि रक्त कमी असलं की छातीत जादा आवाज ऐकू येतो. म्हणजे सिकल सेलच्या नावाखाली ऱ्हुमॅटिक ताप निसटू शकतो, आणि उलटही. शिवाय हार्ट-लंग मशीनवर अंग थंड केलं किंवा प्राणवायू कमी पडला तर या रुग्णांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. म्हणून अशा भागातल्या रुग्णाची सिकल तपासणी ऑपरेशनच्या आधीच लागते. गरज पडली तर रक्त बदलतात, अंग फार थंड करत नाहीत. तपासणीची लाल-पिवळी कार्डं घरात पडून असतील तर मोठ्या हॉस्पिटलात जाताना सोबत न्या.

ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी तारेने बांधतात. माणूस साधारण आठवड्याभराने घरी येतो, पण हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हंडा नाही, सरपणाची मोळी नाही, मोटरसायकल नाही. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. धडगाव-मोलगीच्या घाटवळणांवर जीप हलते तेव्हाही उशी कामाला येते. घरात पाणी आणणारीचंच ऑपरेशन झालं असेल, तर तीन महिने पाणी कोण आणणार, हे घरच्यांनी आधीच ठरवायचं असतं. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहिलेलं नसतं.

पैशाची अडचण काही प्रमाणात सुटली. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली काही जिल्ह्यांत आली, २०१३ अखेर सगळ्या महाराष्ट्रात. तीच आजची महात्मा फुले योजना. आणि झडपच स्वस्त झाली, हे त्याहून मोठं. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने भारतीय झडप घडवली. आधीची तीन मॉडेलं फसली, चौथं टिकलं. धातूची चौकट, प्लास्टिकची कलती चकती. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसली आणि आजवर लाखाहून जास्त बसल्या.

पण यांत्रिक झडपेवर रक्त गोठतं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. या औषधाचं मूळ गमतीशीर आहे: बुरशी लागलेला चारा खाऊन अमेरिका-कॅनडात गुरं रक्तस्रावाने मरत होती, त्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनमध्ये सापडलं. त्यावरून बनवलेलं वॉर्फरिन १९४८ साली बाजारात आलं ते उंदीर मारायला! माणसांना पुढे मिळालं. गोळी कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यामुळे आयएनआर नावाची रक्ततपासणी नियमित करावी लागते. पालेभाज्या गोळीचा जोर कमी करतात. बंद करायच्या नाहीत, पण प्रमाण सारखं ठेवायचं. पावसाळ्यात रोज रानभाजी आणि उन्हाळ्यात अजिबात नाही, असं झालं की आकडा हलतो. डॉक्टरांना हे सांगा, शहरातल्या डॉक्टरला ते आपणहून सुचेलच असं नाही.

आता ते सुरुवातीचं वय. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर ही गोळी सहसा कायमची लागत नाही, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि पुन्हा ऑपरेशन येतं. धातूची टिकते, पण वॉर्फरिन गर्भाला घातक ठरू शकतं. वीस वर्षांच्या मुलीला हे लग्नाच्या बोलण्यांच्या आधी कुणीतरी सांगायला हवं. बऱ्याचदा ते तिच्या सासऱ्यांना किंवा वडिलांनाच सांगितलं जातं. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं, गोळी मनाने बंद करायची नाही, एवढं तरी तिच्या स्वतःच्या कानावर पडू द्या.

झडप नुसती चिकटलेली असेल तर छाती न उघडताही काम होतं. जपानच्या कांजी इनोऊ यांनी १९८० च्या दशकात मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची रीत आणली. सौटर यांचं बोट जे करत होतं, तेच. आणि ज्या मुलाला एकदा ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलाय, त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. सांधे दुखायचे थांबले तरीही. त्या इंजेक्शनची गोष्ट पुढच्या भागात. तोवर नमस्कार.