शेक, कातडी आणि आधाराची चोळी

कर्करोगावरील किरणोपचाराला बोलीत ‘शेक’ म्हणतात. शब्द सोयीचा, पण फसवा. स्तनाला एकूण 40 ग्रे मात्रा दिली, तर दर किलोग्रॅम ऊतीत 40 जूल ऊर्जा जाते. एवढ्या ऊर्जेने एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान जेमतेम 0.01 अंश सेल्सियसने वाढते. (विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.) परिणाम होतो तो उष्णतेने नव्हे, तर पेशींतील डीएनएचे धागे तुटल्यामुळे.

तरीही कातडी भाजल्यासारखी होते. या उपचाराचा बराचसा इतिहास कातडी वाचवण्याचाच आहे, असे आम्हांला वाटते.

राँटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधले. पुढे कित्येक दशके वापरात असलेल्या दोन-अडीचशे किलोव्होल्टच्या यंत्रांची सर्वाधिक मात्रा कातडीवरच पडे. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी 1920 च्या दशकात वेगळी वाट काढली. रेडियमच्या सुया टोचून, स्तन न काढता ते उपचार करू लागले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, तेव्हा कोबाल्ट यंत्रे यायची होती. ती 1951 मध्ये कॅनडात आली. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी मोकळे झालेले इलेक्ट्रॉन पुढे आत जाऊन ऊर्जा देतात, म्हणून सर्वाधिक मात्रा कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटरवर पडते. आजच्या रेखीय त्वरकात (6 मेगाव्होल्ट) हे अंतर सुमारे दीड सेंटिमीटर असते.

मग प्रश्न उरला कुठे? घडीत. रुग्ण उताणी झोपली की जड स्तन बाजूला कलंडतो आणि खाली घडी पडते. तिथे कातडीला कातडी चिकटते. जो पृष्ठभाग होता, तो आता ‘आत’ गेला; म्हणून तिथे कातडीलाच पूर्ण मात्रा मिळते. त्यात घाम आणि घर्षण. सोलपटणे पुष्कळदा तिथूनच सुरू होते. विदर्भातल्या मे महिन्यात काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न हृदयाचा. हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेत दर एक ग्रेमागे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका 7.4 टक्क्यांनी वाढतो, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. डावा स्तन रोज नेमका त्याच जागी असणे म्हणूनच महत्त्वाचे. त्यासाठी उतरत्या फळीवर झोपवतात, हात डोक्यावर धरायला लावतात (काखेतल्या शस्त्रक्रियेनंतर हे फार दुखते), कातडीवर खुणा गोंदतात. कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात मऊ होणारा प्लास्टिकचा पत्रा अंगावर बसवतात. पण तो कातडीवरची मात्रा थोडी वाढवतो. शिवाय खुणा आणि फळी छातीचा पिंजरा स्थिर करतात. मऊ ऊती आपल्या मनाप्रमाणे सरकतेच.

यावर उपाय म्हणून इंग्लंडमधील शेफिल्ड हॅलम विद्यापीठातील संशोधकांनी रुग्ण स्त्रियांना सोबत घेऊन आधाराची चोळी घडवली. कापड पातळ हवे, कारण जाड कापड सर्वाधिक मात्रा पुन्हा कातडीकडे ओढते. धातूचे हुक नकोत, तारा नकोत. घडी उघडी राहावी. आणि रोज उघड्या अंगाने अनोळखी लोकांसमोर पडून राहण्याचा संकोचही टळावा. ही शेवटची गोष्ट भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नसते, पण स्त्रियांना ती मात्रेइतकीच बोचते.

दिग्रसच्या रुग्णाला नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागते. पूर्वी 25 वेळा किरण घ्यावे लागत, म्हणजे पाच आठवडे मुक्काम. 2008 मधील ब्रिटिश चाचणीनंतर 15 वेळांची पद्धत रुळली. 2020 मध्ये निवडक रुग्णांसाठी पाच वेळांत 26 ग्रे पुरेसे असल्याचे दिसले. मुक्काम घटला, ही मोठी गोष्ट; पण 25 पैकी एका दिवसाची चूक बाकीच्या दिवसांत विरून जाते, पाचांपैकी एका दिवसाची नाही. अशी चोळी दिग्रसचा शिंपीही शिवू शकेल. ती रोज त्याच मापात बसते का, हे मात्र उपचारकेंद्रात सीटी स्कॅनवर मिलिमीटरमध्ये मोजूनच ठरवावे लागेल.